एक कार्ड म्हणजे एक धागा

आमच्या गल्लीत पाणी रात्री येतं. कधी अडीचला, कधी तीनला. पाण्याच्या दिवशी घरातल्या एकानं जागं राहायचं, मोटार लावायची, आधी प्यायचं भरायचं आणि मग टाकी. त्या रात्री पाळी माझी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा, शेजारी तीन छापील कागद, कानात हेडफोन. पलीकडे बार्शीचे सर, पुण्यात औषधाच्या दुकानात नोकरी करणारी आमची सोलापूरचीच मैत्रीण, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा. चौघंही गप्प होतो. नऊ आठवडे एका कॉम्प्युटरवरच्या कोड्यांच्या खेळातल्या कागदांकडे, त्यांच्यावरच्या त्याच भोकांकडे बघत होतो आणि बोलायला नवीन काही उरलं नव्हतं.

ही गोष्ट जानेवारी २०२३ची. नीट लिहून ठेवायचं तेव्हापासून मनात होतं. कोडं सुटल्यावर जी नोंद देशोदेशीच्या लोकांनी वाचली, तिच्यात उत्तर आहे. ते उत्तर एका घरात, रात्री अडीच वाजता, कसं सापडलं ते नाही. खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लोक अजून तो खेळताहेत, त्यांचा शोध त्यांना लागू दे.

मी या नादाला लागले डिसेंबर २०२० मध्ये. लॉकडाऊनमुळे करसल्लागाराच्या ऑफिसातलं माझं काम घरूनच चालू होतं. त्या महिन्यात बातमी आली की 'झोडियॅक'चं पत्र वाचलं गेलं. अमेरिकेतल्या या खुन्यानं नोव्हेंबर १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राला ३४० चिन्हांचा मजकूर पाठवला होता, आणि ५१ वर्षं तो कुणाला वाचता आला नव्हता. वाचला तो तिघांनी मिळून. एक अमेरिकेतले प्रोग्रॅमर, एक ऑस्ट्रेलियातले गणितज्ञ आणि एक बेल्जियमचे, जे गोदामात काम करतात. तिघं तीन देशांत. पत्र फुटत का नव्हतं, तर चिन्हं ओळीनं वाचायचीच नव्हती, एक घर खाली आणि दोन घरं उजवीकडे अशी तिरकी उडी मारत वाचायची होती. चिन्हांचा अर्थ लावण्याआधी ती कुठल्या वाटेनं वाचायची हे कळायला हवं होतं. ते वाचून मी रात्रभर झोपले नाही. गोदामातला माणूस हे करू शकतो, तर आपणही एका टोकाला हात लावू शकतो, असं वाटलं.

तेव्हापासून मी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एका मोठ्या गटात आहे. कोड्यांचे खेळ सोडवणारे जगभरचे लोक तिथं असतात. हळूहळू त्यातलेच मराठी बोलणारे आम्ही ११ जण एका वेगळ्या खोलीत जमलो. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, किंवा इथून पुण्याला गेलेले. दिवसभर आपापली कामं करायची आणि रात्री साडेदहानंतर बसायचं.

हा खेळ दिसायला साधा. जमिनीखालचं एक जुनं दफ्तरखानं, त्यात ७२ खोल्या. प्रत्येक खोलीत एक कोडं, ते सुटलं की भिंतीवरचा पडदा सरकतो आणि मागं टांगलेला एक कागद दिसतो. कागदावर ओळीनं भोकं, बाकी काही नाही. कुठली खोली आधी उघडायची हेही ज्याचं त्यानं ठरवायचं. शेवटी एक दार आहे, ते कशानं उघडतं ते खेळ सांगत नाही.

खोल्या सोडवायचं काम मजेत चाललं. आमचा एक सामाईक तक्ता होता आणि त्याचा नियम सरांनी घालून दिला होता: जे करून पाहिलं ते लिहायचं, फसलं तरी लिहायचं. कुणी तपासलं, कसं तपासलं, काय निघालं. माझा दिवस असल्याच तक्त्यांत जातो, त्यामुळे तो तक्ता सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून आवडलं. फसलेला प्रयोग लिहिलेला नसला की दुसऱ्या रात्री दुसरा माणूस तोच प्रयोग करून तीन तास घालवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका खोलीत पाणी ठिबकल्याचा आवाज होता. पुण्याच्या मैत्रिणीनं तो रेकॉर्ड करून आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातला, तर ठिबकण्यातून सरळ अक्षरं उमटली. दुसऱ्या एका खोलीत इंग्रजी अक्षरांचं भलंमोठं जंगल होतं. ते मी फोडलं, म्हणून जरा थांबून सांगते. अशा लिखाणात किल्लीचा शब्द पुन्हापुन्हा वापरलेला असतो. मूळ मजकुरातला एखादा तुकडा किल्लीच्या त्याच अक्षरांखाली परत आला, की सांकेतिक मजकुरातही तोच तुकडा परत दिसतो. मग अशा परत आलेल्या तुकड्यांमधली अंतरं मोजायची. माझी आली ४२, ६३ आणि ९१. तिन्हींना भाग जातो ७नं, म्हणजे किल्ली ७ अक्षरांची. मजकूर ७ उभ्या रांगांत मांडला की प्रत्येक रांग वेगळी सोडवता येते, कारण तिच्यातली सगळी अक्षरं सारखीच सरकलेली असतात. कासिस्की नावाच्या प्रशियन अधिकाऱ्यानं ही रीत १८६३ मध्ये छापली. मी ती वहीत, पेन्सिलीनं केली. दोन रविवार गेले. किल्ली निघाली 'शटल', इंग्रजीत बरोबर ७ अक्षरं.

शटल म्हटल्यावर कुणाला अंतराळयान आठवलं, कुणाला बॅडमिंटनचं फूल. तक्त्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'किल्ली: शटल. संदर्भ लागत नाही.' माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, नाना, म्हणजे माझे वडील, मागाच्या धंद्यात. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला इंग्रजीत शटल म्हणतात हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी मी तसं लिहिलं, आणि ते वाक्य अजून त्या तक्त्यात तसंच आहे. मी ते खोडलेलं नाही.

नोव्हेंबरपर्यंत ७० खोल्या उघडल्या. दोन हटून बसल्या होत्या. पण खरी अडचण कागदांची होती.

प्रत्येक कागदावर आडव्या ५१ रांगा, प्रत्येक रांगेत ८ जागा. कुठं भोक, कुठं नाही. दोन्ही टोकांना आणि मध्ये काही मोठी भोकं होती, ती सगळ्या कागदांवर एकाच जागी असल्यामुळे आम्ही ती नक्षी समजून सोडून दिली. ८ म्हटल्यावर कॉम्प्युटरवाल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. ८ बिट, एक बाइट, एक अक्षर. म्हणजे एका कागदावर ५१ अक्षरं. लावून पाहिलं, कचरा निघाला. उलटं लावलं, कचरा. ८ टिपक्यांची ब्रेल असते, तीही लावली. जुन्या टेलिप्रिंटरची कागदी पट्टी पाहिली. आयबीएमचं जुनं पंचकार्ड पाहिलं, पण त्यात ८० स्तंभ आणि १२ ओळी, ते बसेना. सरांनी ४०८चे अवयव पाडले, ८ गुणिले ३ गुणिले १७, आणि प्रत्येक कागद २४ बाय १७चं चित्र समजून मांडला. मग १२ बाय ३४. मुंग्या आलेल्या टीव्हीसारखं दिसायचं. तक्त्याच्या त्या पानावर १४३ ओळी झाल्या होत्या, सगळ्यांच्या शेवटी 'नाही'.

मोठ्या गटात याच सुमारास वाद पेटला. काही जणांचं म्हणणं पडलं की खेळाच्या फायली उघडू आणि आत उत्तर काय ठेवलंय ते थेट बघू. दाखला २०१२च्या 'फेझ' या खेळाचा दिला गेला. त्यातलं काळ्या शिळेचं कोडं शेकडो लोकांनी बटणांच्या सगळ्या शक्यता आपापसांत वाटून घेऊन, एकेक दाबून बघत सोडवलं होतं. उत्तर मिळालं, पण ते तेच का, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. माझं मत स्पष्ट होतं आणि आजही आहे. उत्तर हातात आलं आणि ते कशामुळे ते कळलं नाही, तर ते कोडं माझ्यापुरतं सुटलेलं नाही. ज्यानं ते रचलं त्याला आपल्याला काहीतरी सांगायचं असतं, आणि फाइल उघडली की ते ऐकायचं राहून जातं. आमच्या खोलीत मत घेतलं. ७ जण 'उघडायची नाही' म्हणाले, ४ जण 'उघडू'. त्या चौघांनीही नंतर उघडली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. मोठ्या गटानं मात्र महिनाअखेरची मुदत घातली, त्यानंतर फायली उघडायच्या.

तर ती रात्र. पाणी आलं, मी मोटार लावली. मोटारीच्या आवाजानं नाना उठून आले. ३१ वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम केलेला माणूस मोटारीच्या आवाजानं उठतो, पण तो आवाज बंद झाल्यावर जास्त जागा होतो, असं आई म्हणते. त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि टेबलावरचा एक कागद उचलला. मला वाटलं तांब्याखाली ठेवायला घेतला. त्यांनी तो ट्यूबलाइटच्या समोर धरला. मी भोकांच्या जागी काळे टिपके छापले होते, उजेड कशातूनच येत नव्हता, पण हात सवयीनं वर गेला असावा.

"हे कुणाचं कार्ड गं?"

"कार्ड नाही नाना, खेळातलं आहे."

"खेळातलं असंल की. कार्ड चारशेचं आहे."

"चारशे नाही हो, चारशे आठ भरतात."

"मग चारशे आठच असतात की. आठ किनारीचे. म्हणायचं चारशेचंच."

माझा माइक चालू होता. हेडफोनमध्ये क्षणभर काहीच आवाज आला नाही, मग सरांनी विचारलं, "कोण बोललं ते?"

मी हेडफोन काढला, स्पीकर लावला आणि नानांना खुर्ची दिली. नानांना गर्दीत बोलायची सवय नाही. आधी म्हणाले, तुमचं चालू द्या. मग पोरानं विचारलं, "काका, मोठी भोकं कशाला असतात?" आणि या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांना बरं वाटलं असणार, कारण ते पुढं सरकून बसले. टोकाची मोठी भोकं खुंटीची. मागाच्या वर जॅकार्ड असतं, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, त्याला एक चौकोनी लाकडी सिलिंडर असतो, त्याच्या खुंट्या त्या भोकांत बसतात, म्हणजे कार्ड हलत नाही. टोकाची बारकी आणि मधली भोकं दोरा ओवायची, कारण सगळी कार्डं एकमेकांना दोऱ्यानं बांधून माळ करतात. बाकीची भोकं म्हणजे डिझाईन. भोक असलं की सुई त्यात शिरते, सुईला जोडलेला हूक जागेवर राहतो, सुरी, म्हणजे वरखाली होणारी पट्टी, वर येताना त्याला घेऊन जाते आणि त्याचा उभा धागा उचलला जातो. भोक नसलं की कार्ड सुईला मागं ढकलतं, हूक सुरीवरनं सरकतो, धागा खाली राहतो. मधून धोटा जातो. मग सिलिंडर फिरतो, पुढचं कार्ड.

"एका कार्डावर काय बघायलाव तुम्ही?" ते म्हणाले. "एक कार्ड म्हणजे एक धागा. आडवा एकच धागा. एका धाग्यात फूल दिसतंय का कधी?"

आम्ही नऊ आठवडे एकेका कागदात अख्खा मजकूर शोधत होतो.

त्यांनी आठाचं कारण सांगितलं ते मला जन्मभर लक्षात राहील. पंचिंग मशीनला पेटीसारखी बटणं असतात. समोर ग्राफचा कागद लावलेला, त्याच्यावर दर आठ घरांनी जाड रेघ. डोळ्यानं आठ घरं वाचायची, जिथं रंग भरलाय तिथली बटणं बोटांनी दाबायची आणि पाय मारायचा. एक रांग पंच. कार्ड एक घर पुढं. पुन्हा आठ घरं. सांगता सांगता त्यांनी माझा कागद समोर उभा केला आणि टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली. पहिली रांग वाचली, बोटं दाबली, टाच आपटली. दुसरी. तिसरी. दहा-बारा रांगांनंतर कागदाकडं बघणं आणि बोटं दाबणं यात काही अंतरच राहिलं नाही. उजव्या हाताची करंगळी त्यांची पूर्ण सरळ होत नाही, तीही आपल्या वेळेला बरोबर पडत होती. बाहेर टाकी भरून वाहायला लागली होती, ती आईनं उठून बंद केली.

इतकी वर्षं मी त्यांना 'पंचिंगला जातात' एवढंच म्हणत आले. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'कामगार'. भोकं आणि भोकं नसणं यांतून चित्र काढायचं काम ते माझ्या जन्माआधीपासून करत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रोग्रॅम लिहिला: एक कागद म्हणजे ४०८ ठिपक्यांची एक ओळ, अशा ७० ओळी एकाखाली एक. निघालं ते गढूळ. पण आधीच्या कचऱ्यासारखं नव्हतं, मध्येमध्ये आठ-आठच्या तुकड्यांत काहीतरी आकार धरू बघत होतं. मी संध्याकाळी ते नानांना दाखवलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, तिन्ही चहा पिता पिता.

पहिली, निम्मी कार्डं उलटी टांगलीत. मधल्या दोऱ्याच्या भोकापासून एका बाजूला २६ रांगा असतात, दुसऱ्या बाजूला २५. सव्वीसची बाजू ती नंबरची बाजू. सगळी एका दिशेला करा. हा फरक आमच्यातल्या एकाच्याही नजरेला आला नव्हता. दुसरी, प्रत्येक रांग एकाच बाजूनं मोजायची. आम्ही नागमोडी मोजत होतो, एक खाली, पुढची वर, शेतातल्या नांगरासारखी. तिसरी, शेवटची रांग किनारीची, ती डिझाईनमध्ये धरायची नाही.

ही तिसरी गोष्ट ऐकून इंजिनिअरिंगचा पोरगा ओरडलाच. किनारीची रांग चित्रात नसेल तर ती प्रत्येक कागदावर वेगळी का? ८ जागा, आहे किंवा नाही. नोव्हेंबरात सगळ्या कागदभर लावून फसलेली बायनरी, म्हणजे 'आहे-नाही'चे आकडे करायची रीत, त्यानं या एका रांगेला लावली. आकडे निघाले. १ ते ७२, दोन गायब. म्हणजे तो कार्डाचा नंबर होता, माळेतली त्याची जागा. आम्ही ज्या क्रमानं खोल्या उघडल्या त्या क्रमाचा काही संबंधच नव्हता. तक्त्यातल्या १४३ 'नाहीं'पैकी एक चुकीच्या जागी लावलेलं बरोबर उत्तर होतं, आणि लिहून ठेवलं होतं म्हणून पोराला ते चटकन उचलता आलं.

रात्री साडेअकराला चित्र आलं. ४०० ठिपके रुंद, ७२ ओळी उंच, मध्ये दोन कोऱ्या रेघा. अक्षरं स्पष्ट होती पण आरशातल्यासारखी उलटी. पुण्याची मैत्रीण रडत होती की हसत होती ते हेडफोनमध्ये कळत नव्हतं. उलटं का, हा प्रश्न आम्हाला तेव्हा महत्त्वाचाही वाटला नाही, फिरवलं की वाचता येत होतं. नानांना मात्र तो महत्त्वाचा वाटला. ते आत गेले आणि आपल्या अंगावरची चादर घेऊन आले, लाल-पांढरी, मोराची. पसरली. "हा मोर डावीकडं बघतोय. आता बघ." चादर पालथी केली. लालाच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी लाल, आणि मोर उजवीकडं बघत होता. मागावर बरंच कापड पालथं विणतात, उजवी बाजू खाली. वरच्या अंगानं कमी धागे उचलावे लागतात, म्हणून मागावरचा भार कमी होतो. ज्यानं कोडं रचलं त्याला हेही ठाऊक होतं. त्यानं कार्डं कापडाच्या पालथ्या बाजूची पाडली होती. ज्याला ठाऊक नाही तो चित्र फिरवून वाचेल आणि ज्याला ठाऊक आहे त्याला आणखी एक खूण पटेल.

चित्रात एक वाक्य होतं आणि वाक्याखाली एक फूल. वाक्य सांगणार नाही. त्यानं शेवटचं दार उघडलं.

मग एकेक सुटे धागे जुळत गेले. किल्लीतला धोटा. एका खोलीत टांगलेलं, कुणाचं ते न ओळखता आलेलं म्हाताऱ्या माणसाचं चित्र. ते जॅकार्डचं. फ्रान्समधल्या लिआँच्या या माणसानं १८०४ मध्ये कार्डांवर चालणारं यंत्र बांधलं, आणि तो गेल्यावर १८३९ मध्ये त्याचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्यासाठी २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजनं मिळवली. आपल्या गणितयंत्राला कामं सांगायला हीच कार्डं वापरायची त्यानं ठरवलं होतं. हाच बॅबेज, ज्यानं मी पेन्सिलीनं सोडवलं त्या जातीचं लिखाण कासिस्कीच्या आधी फोडलं होतं, पण छापलं नव्हतं. खोल्यांमधून ही सगळी साखळी आमच्यासमोर मांडलेली होती. आणि आमच्यापैकी सहा जणांची घरं अशा गावात, जिथली चादर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि जिथं मागाचा आवाज ऐकला नाही असं माणूस नाही.

मोठ्या गटाला आम्ही सगळं पाठवलं. तिथल्या नोंदीत सोडवणाऱ्यांची नावं लिहितात, म्हणजे डिस्कॉर्डवरची टोपणनावं. माझं, सरांचं, पोराचं, मैत्रिणीचं लिहिलं. मी म्हटलं, यात एक नाव राहिलंय. उत्तर आलं की ज्यांचं खातं नाही त्यांना यादीत घालायची पद्धत नाही, तुमच्या नावापुढं 'घरच्यांच्या मदतीनं' असं लिहू. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं, तीन दिवस सांगत राहिले. घरच्यांची मदत म्हणजे रात्री चहा करून देणं. इथं नऊ आठवड्यांत कुणाला न दिसलेलं एका माणसानं कागद हातात घेताच ओळखलं होतं, ते त्याच्या ३१ वर्षांच्या कामामुळे. सरांनी, पोरानं, पुण्याच्या मैत्रिणीनं एकेक करून लिहिलं की नानांचं नाव नसेल तर आमचीही काढा. शेवटी मी नानांचं खातं उघडलं. आता यादीत सगळ्यात वर ते आहे आणि त्यापुढं, मीच लिहायला लावलं तसं, 'जॅकार्ड कार्ड पंचिंग, सोलापूर' असं आहे.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला बार्शीचे सर आले. दोन वर्षं रोज रात्री ऐकलेला आवाज पहिल्यांदा चेहऱ्यासकट होम मैदानावर भेटला. ते आधी नानांच्या पाया पडले. नाना एकदम मागं सरकले, अहो मास्तर हे काय, म्हणाले. घरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही झाल्यावर सरांनी चित्राची मोठी छापील प्रत काढली, भेट म्हणून आणली होती. नाना चष्मा लावून बसले. वाक्याकडं त्यांनी पाहिलंही नाही, इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. फुलावर बोट फिरवत राहिले.

"ह्यानं माग चालवलेला नाही," बऱ्याच वेळानं म्हणाले. पाकळीच्या कडेला एका ओळीत एकोणीस घरं सलग कोरी होती. "इथं धागा मोकळा सुटतोय. कापड झालं की नख लागून ओढला जाईल. मधे बांधायला पाहिजे." त्यांनी कपाटावरून ग्राफचा जुना गठ्ठा काढला, पिवळा पडलेला, आणि पेन्सिलीनं ते फूल पुन्हा मांडलं, पाकळीत दोन-दोन घरं सोडून टिपके घालत. सर बघत होते. काम सोडून सहा वर्षं झाली होती, आता त्या कारखान्यात डिझाईन कॉम्प्युटरवरच होतं. पण आठ घरांच्या जाड रेघेशी पेन्सिल दरवेळी किंचित थांबत होती.

ते दुरुस्त केलेलं फूल मी स्कॅन करून गटात टाकलं. खाली ब्राझीलच्या एका बाईंनी विचारलं की हे विणता येईल का. नानांना वाचून दाखवलं. येईल की, म्हणाले, पण दोन कार्डं कुठायत?

३८ आणि ५५ नंबरची कार्डं अजून मिळालेली नाहीत. त्या दोन खोल्या बंदच आहेत. शेवटचं दार उघडल्यामुळे मोठ्या गटातले बहुतेक जण पुढच्या खेळाकडं गेले. चित्र वाचायला ती दोन लागत नाहीत, तुटलेला धागा असला तरी कापडावरचं अक्षर कळतं. पण नाना संध्याकाळी मी ऑफिसातून आले की विचारतात, मिळाली का गं. ३८ नंबरच्या कार्डावर पाकळीचं टोक आहे.

गेल्या आठवड्यात पोराला त्यातल्या एका खोलीच्या फरशीत काहीतरी दिसलंय. आज पाण्याचा दिवस आहे, रात्री बसणार आहोत. नानांनी स्वतःची खुर्ची दुपारीच टेबलापाशी आणून ठेवलीय.